सरांचे गोड शेरे

आमचे सर, म्हणजे माझे पीएचडीचे गाईड, फाटक्या तोंडाचा माणूस. माझ्या प्रकरणांच्या समासात लाल पेनानं जे लिहायचे ते घरी दाखवायची सोय नव्हती. ‘झोपेत लिहिलंस का?’ ‘हे तुला तरी कळलं का?’ एकदा तर पानभर आडवी रेघ आणि खाली नुसतं ‘अरेरे’. मी रडायचे, चिडायचे आणि निमूट दुरुस्त करायचे.

माझा विषय ऐकला की लोक हसायचे. खेड्यातली माणसं मोबाइलमधल्या एआयशी कसं बोलतात, त्याच्याकडून काय काय लिहून घेतात, याचा अभ्यास. भावकीतले म्हणायचे, बापानं मेंढरं वळली, पोरगी मशीनचं बोलणं वळती. हसा म्हटलं. कन्नड गावच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि पीएचडी झाली तरच कायम होण्याची थोडी आशा होती. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती, ती पावसाळ्यात संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द. इतक्या वर्षांची मरमर मातीत.

आणि साल कसलं, तर दुष्काळाचं. सकाळी कन्नडची एसटी, दुपारी रेकॉर्डर घेऊन कुठल्या तरी गावात, संध्याकाळी शहरातल्या घरी आलं की नळ कोरडा. आठवड्यानं पाणी यायचं, ते पण कधी ते कुणी सांगायचं नाही. शहर मात्र वाढतच होतं. बसच्या खिडकीतून दर महिन्याला नवं प्लॉटिंग, नवी कमान. प्यायला घोटभर नाही आणि बोर्डावर कारंज्याचं चित्र! मला त्या वर्षी टेकायला जागा मिळाली की झोप लागायची, मग ती बस असो की स्टाफरूम.

तिसरं प्रकरण सगळ्यात मोठं. गावोगाव बसून जे रेकॉर्ड केलं ते सगळं त्यात ओतलं होतं. सरांना मेल केलं, तर उत्तर आलं: ‘आपले विवेचन आशयघन असून निरीक्षणे मोलाची आहेत. किंचित पुनर्लेखनाने हे प्रकरण अधिक समृद्ध होईल. आपल्या परिश्रमांस शुभेच्छा.’ सर आणि शुभेच्छा? पण कौतुक कुणाला नको असतं! आईला वाचून दाखवलं. दोन शब्द इकडचे तिकडे केले, झालं किंचित पुनर्लेखन, आणि चौथ्याला लागले.

चौथ्याचा शेरा पण तसाच. पाचवं पाठवायच्या आदल्या दिवशी तो परत वाचला आणि डोक्यात उजेड पडला. सर मला कधी ‘आपण’ म्हणाले होते? ‘ए बाई’शिवाय त्यांनी हाक मारली नव्हती. आणि ही भाषा मला ओळखू येऊ नये? वर्षानुवर्षं तीच तर ऐकत होते, गावागावांत, लोकांच्या मोबाइलमधून. म्हणजे सर वाचतच नव्हते. मशीनकडून शेरे काढून माझ्या तोंडावर फेकत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. मी इथं जिवाचं रान करतेय आणि यांना दहा पानं उघडायचा कंटाळा!

तरी पाचवं पाठवलं. सर फोन उचलत नव्हते, रजेवर होते. रविवारी थेट घर गाठलं. घर फुलंब्री रोडला, अशा नव्या वसाहतीत जिथं रस्त्याच्या आधी बंगले झाले. दारात टँकर उभा. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, पाइप धरून ड्रम भरत होत्या. ‘आत आहेत,’ म्हणाल्या. आणखी काही सांगणार होत्या, पण पाइप निसटला.

आत कुणीतरी बाई माझं पाचवं प्रकरण वाचत होती. बघते तर मोबाइल. सपाट आवाज, कुठं थांबणं नाही. सर खुर्चीत मान खाली घालून ऐकत होते. वाचणं संपलं तसं मोबाइलला म्हणाले, ‘शेरा लिही. ए बाई, पाणी घालून काय वाढवलंस हे? म्हणणं काय ते एका ओळीत सांग, नाहीतर टाक नाल्यात.’ मोबाइल बोलायला लागला, ‘आपले विवेचन अधिक संक्षिप्त केल्यास...’ सरांनी पुरतं ऐकलंसुद्धा नाही. ‘हां हां, पाठव,’ म्हणाले.

मग माझी चाहूल लागली. तोंड माझ्याकडं वळवून त्यांनी विचारलं, ‘टँकर गेला का?’

माझा राग कुठल्या कुठं गेला. ‘सर, मी आहे,’ म्हटलं.

साखरेनं डोळ्यांचे पडदे गेले होते. माणूस सावलीसारखा दिसायचा, अक्षर अजिबात नाही. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेले. विभागाला कळलं असतं तर त्यांचे विद्यार्थी काढून घेतले असते, आणि दुसरा गाईड मिळेपर्यंत माझी मुदत कुठली थांबायला! ‘तुझं एकदा होऊ दे, मग सांगणार होतो,’ म्हणाले.

‘मग फोनवर तरी बोलायचं होतं, सर. शिव्या द्यायच्या होत्या.’

‘फोनवर तू म्हणली असतीस, सर, अमुक पान बघा. काय बघणार होतो, कप्पाळ?’

मला भीतीच वाटायला लागली. विचारलं, ‘सर, तिसऱ्या प्रकरणाला तुम्ही काय म्हणाला होता?’

‘म्हणजे? पोचलं नाय का तुला?’

मी शेरा वाचून दाखवला. आशयघन, मोलाची, शुभेच्छा. सरांचा चेहरा पडला.

‘शुभेच्छा?’ म्हणाले. ‘अगं, मी म्हणलो होतो, सगळं नव्यानं लिही. ह्यात मशीन काय बोललं, माणूस काय बोलला, तेवढंच हाय. त्या माणसाचं पुढं काय झालं ते कुठंय? असं गेलं तर बाहेरचे परीक्षक परत पाठवतील.’

पावसाळा तोंडावर आलेला आणि सगळ्यात मोठं प्रकरण पहिल्यापासून. इतकी दमले होते की रडू पण येईना. काकूंनी आणून ठेवलेला चहा निवून गेला.

सर म्हणाले, ‘वाच. तुझ्या तोंडानं वाच.’

मोबाइलवर उघडून वाचायला लागले. अजिंठ्याकडच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाची हकिकत होती. त्यानं मोबाइलला आधी राम राम घातला, मग मेंढरांच्या चाऱ्यासाठी अर्ज लिहून मागितला. तो मशीनला ‘जी’ का म्हणतो, यावर मी पानंच्या पानं लिहिली होती.

‘मग? मिळाला का चारा?’ सरांनी मधेच विचारलं.

रेकॉर्डिंग तिथंच संपलं होतं. ‘माहीत नाही, सर.’

‘लाव फोन त्याला.’

लावला, स्पीकरवर. म्हाताऱ्यानं आवाजावरूनच ओळखलं. ‘त्या मशीनवाल्या बाई ना?’

‘बाबा, त्या अर्जाचं काय झालं?’ मी विचारलं.

‘लई झ्याक लिवला व्हता त्यानं. सुनेनं वाचून दावला तर घरातली समदी रडली. पर नेऊन देईस्तोवर मेंढरंच ऱ्हायली नाय. काही मेली, उरली ती इकून टाकली. आता वाळूजला ऱ्हातो, एका कंपनीच्या गेटवर बसतो.’ मग म्हणाला, ‘जाऊ द्या, बाई. तुमचं काम झालं ना पर?’

‘नाय, बाबा,’ म्हटलं, आणि मेंढरं गेली तिथपासून सगळं विचारून लिहून घ्यायला लागले.