अर्धी नळी

चादरवाल्या काकांचं भलं करायला मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. माझीच हौस.

माझं गाड्यांच्या धूर तपासणीचं केंद्र आहे. केंद्र कसलं, पत्र्याची टपरी, एक यंत्र आणि मी. काका आपल्या जुन्या डिझेल टेम्पोतून इस्पितळांच्या चादरी धुलाईला न्यायचे आणि धुतलेल्या परत पोचवायचे. बावीस वर्षं हेच काम. टेम्पोच्या धुराने चादरी काळवंडू नयेत म्हणून त्यांवर दुहेरी प्लास्टिक घालायचे, कडा नीट खोचून, लेकराला पांघरूण घालावं तसं. स्वतः मात्र खिडकी उघडी टाकून खोकत बसायचे. "चादर काळी झाली तर बोलणी बसतात. मला कोण बोलतंय?" म्हणायचे आणि हसायचे.

मग नियम निघाला. जास्त धूर ओकणाऱ्या गाडीने शहराच्या मध्यभागात शिरायचं तर रोज पैसे भरायचे. इस्पितळं सगळी तिथेच! माझं डोकंच फिरलं. मोठ्या गाडीवाला हसत पैसे टाकेल आणि धूर सोडतच राहील, काकांनी काय करायचं? हा कुठला न्याय? काका तपासणीला आले तेव्हा मी यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये पुरती घातलीच नाही. अर्धी बाहेर ठेवली की बाहेरची हवा मिसळते, आकडा खाली येतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. काका पास. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला भारी वाटलं हो, खोटं कशाला सांगू.

त्याच दुपारी बेकरीवाला आला. गाडी लावण्यावरून आमचं आधीच वाजलेलं. त्याच्या टेम्पोत मी नळी पार आतपर्यंत सारली. नापास. त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

वर्षभराने पालिकेने जाहीर केलं की जमलेल्या पैशांतून छोट्या धंदेवाल्यांना जुनी गाडी मोडीत काढून विजेची घ्यायला मदत मिळेल. अट एकच, गाडी नियमानंतरच्या पहिल्या तपासणीत नापास झालेली हवी. बेकरीवाला आता नव्या टेम्पोतून जातो. धूर नाही, आवाज नाही. वर मला हात करतो! मेल्याहून मेल्यासारखं होतं. काकांचा अर्ज मात्र परत आला. कारण लिहिलं होतं, गाडी स्वच्छ आहे.

"अहो, लिहून द्या ना, चूक माझी होती म्हणून," बायको म्हणाली. "अर्जाची मुदत संपायला अजून पंधरा दिवस आहेत."

लिहून दिलं असतं तर परवाना गेला असता. तीनदा कागद घेतला, तीनदा काकांचं नाव लिहिलं आणि फाडून टाकलं. पंधराव्या दिवशी टपरी लवकर बंद केली आणि घरी जाऊन पडून राहिलो. बायकोने नेहमीसारखं ताट वाढलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. घाबरलो मी, दुसरं काही नाही.

काल काका पुन्हा तपासणीला आले. टेम्पोतून उतरल्यावर दार धरून उभे राहिले, श्वास जागेवर येईपर्यंत. मी मान खाली घालून नळी आत सारायला लागलो, या वेळी पुरती.

"पुरती नका घालू," काका म्हणाले. "आता नापास होऊन काय मिळणार? मदतीची मुदत गेली. नुसते रोजचे पैसे मागे लागतील."

माझा हात नळीवरच थांबला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही माझ्यासाठीच केलंत ना?"

पंधरा दिवस हातात होते हे सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा नळीकडे वळलो. ते वर चढले, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काळा धूर माझ्या तोंडावर आला. मी नळी अर्धी बाहेर ओढली.

पास.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझा हात पुन्हा दोन्ही हातांत धरला.