एकतीस खोडांची अंकलिपी

माझी नात स्वरा साडेतीन वर्षांची असताना अक्षरं शिकली, आणि त्यासाठी केळीची सोळा झाडं खर्ची पडली. सोळा हा आकडा पक्का आहे. मी दोनदा मोजला आहे.

मुलगा सुरतेला नोकरीला. सून आणि नात आमच्याकडे, प्रकाशा गावी. मे महिन्यात एका दुपारी जेवताना सून पूनम म्हणाली, "आप्पा, जूनपासून आम्ही दोघी सुरतेला जातो. तिकडे बालवाडी चांगली आहे. इथं हिला अक्षरं कोण शिकवणार?"

मी घास परत ताटात ठेवला. ही पोर गेली तर सकाळी माझ्या चपला उलट्या घालून अंगणभर फिरणार कोण?

"मी शिकवतो," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायको हसली. (एकदाच, पण पुरेसं लांब.)

"पंधरा दिवस दे. सोळाव्या दिवशी तू परीक्षा घे. अक्षरं आली तर पोर या वर्षी इथंच राहील. नाही आली तर मीच तुम्हाला स्टँडवर सोडून येतो."

पूनमनं मान डोलावली. बोलणं पक्कं झालं.

पहिल्या दिवशी पाटी घेतली. स्वरा अकरा मिनिटं बसली. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी चार मिनिटांत ती पाटीवर बाहुलीला झोपवून मळ्यात पळाली. या चढउतारात चढ कुठंच नव्हता! मग मी तिच्या मागोमाग मळ्यात गेलो, तर बाई आपण होऊन ट्रॅक्टर, कापूस, पपई, मिरची, सगळ्याला हात लावून नावं घेत हिंडत होत्या. तिथंच मला सुचलं. पोर पाटीकडे येत नाही ना? मग पाटी मळ्यात नेऊ.

सोनचाफ्याच्या फुलासारखी कल्पना! त्या उत्साहात मी रात्रीचं जेवणही उभ्यानं केलं. अक्षरं छत्तीस. त्यातल्या ङ, ञ, ण, ळ आणि ष या पाचांना शेतात काही काम सापडेना, म्हणून ती वगळली. राहिली एकतीस. क कापसाचा, ख खताचा, घ घडाचा, ठ ठिबकचा, द दादर ज्वारीचा, ढ ढेकळाचा. (ज्ञ ज्ञानाचा. ते शेतकऱ्याला पीक हातचं गेल्यावर येतं, हा अनुभव पुढे आलाच.) रस्त्याच्या कडेची केळीची ओळ सरळ होती. तिच्यातली सलग एकतीस खोडं निवडली आणि एकेका खोडावर एकेक अक्षर काढलं. खडू खोडावर टिकेना, म्हणून चुना कालवला. अक्षराची उंची नऊ इंच, जमिनीपासून अडीच फूट, म्हणजे पोरीच्या डोळ्यांसमोर.

आणि पोर शिकायला लागली की हो! रोज सकाळी एका खोडापासून दुसऱ्या खोडापर्यंत धावायची, प्रत्येकाला मिठी मारायची आणि आमच्या अहिराणीत ओरडायची, "आप्पा, हाऊ मन्हा ग शे!" (हा माझा ग आहे!) बोट चुन्यात बुडवून अक्षरावरून फिरवायची. बाराव्या दिवशी सव्वीस अक्षरं, चौदाव्या दिवशी तीस. मी बायकोला रोजचा आकडा ऐकवायचो. ती म्हणायची, "पोर हुशार शे. तुम्ही कसाले फुगी ऱ्हायनात?"

आता आमच्या बागेतली एक रीत सांगायला हवी. केळी कापायला टोळी येते. कुठला घड तयार आणि कुठला कच्चा, यावर पूर्वी रोज वाद व्हायचा. म्हणून मीच नियम केला. तयार घडाच्या खोडावर मी आदल्या दिवशी चुन्यानं रेघ मारतो. टोळीचा मुकादम सुपडू याला मी हे इतक्या वेळा बजावलं आहे की तो झोपेतही म्हणेल : पांढरं असेल ते कापायचं, नसेल त्याला हात लावायचा नाही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

सोळाव्या दिवशी टोळी येणार होती, मागच्या प्लॉटात. तिथं मी रेघा मारून ठेवल्या होत्या. परीक्षा अकरा वाजता. मी सुनेला आणि नातीला घेऊन, धुतलेलं धोतर नेसून, मळ्यात पोचलो.

ओळीच्या जागी आभाळ दिसत होतं.

घड उतरवायला खोडाला कोयता मारून झाड वाकवावं लागतं, आणि वाकवलेलं केळीचं झाड परत उभं राहत नाही. क पासून ध पर्यंतची अक्षरं आडवी पडली होती. सुपडू न पाशी कोयता उगारून उभा होता.

"अरे थांब! हे घड कच्चे आहेत! दीड महिना बाकी आहे!"

"आम्हले बी कच्चाच दिसनात, आप्पा."

"मग कापले कशाला?"

"पांढरं व्हतं." त्यानं कोयता खाली केला. "तुम्हीच सांगेल शे, डोकं चालाडू नका. आज नही चालाडं."

"अरे, माझी रेघ कशी असते आणि हे काय आहे, पाहायचं तरी!"

"वाटनं, आज आप्पानी झ्याक खूण करी शे. खास गिऱ्हाईक व्हई."

तेवढ्यात स्वरानं भोकाड पसरलं. ती पडलेल्या खोडांमधून पळत सुटली. "आप्पा, मन्हा क पाडी टाका! मन्हा ख! मन्हा ग!" प्रत्येक खोडापाशी बसायची, मान वाकडी करून आडवं अक्षर वाचायची आणि पुढच्याकडे धावायची. एका ठिकाणी खोड उलटं पडलं होतं, तिनं दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं आणि हुंदक्यातच म्हणाली, "हाऊ ट शे." सुपडूनं मुकाट्यानं ते खोड फिरवून दिलं. ट होता. शेवटी ती न ला मिठी मारून उभी राहिली आणि टोळीकडे रोखून बघत तिनं उरलेल्या अक्षरांची नावं एकामागून एक घेतली, अगदी ज्ञ पर्यंत, जणू हजेरीच घेतेय. घ ला तेवढं ध म्हणाली, पण घ अर्धा मातीत बुडाला होता.

मी धोतराचा सोगा सावरत सुनेकडे पाहिलं. तिची बोटं मोजत होती.

"तीस," पूनम म्हणाली. "एकतीसपैकी तीस. आणि तेही रडत रडत, आडवी वाचून." मग तिनं पोरीला उचलून डोळे पुसले. "राहू आप्पा आम्ही. या वर्षी इथंच."

मी इतका खूश झालो की सुपडूलाच मिठी मारली. तो कोयता सांभाळत बाजूला झाला.

पुढचे आठ दिवस आमच्या घरी, शेजारी, अख्ख्या गल्लीत कच्च्या केळीची भाजी होती. नवव्या दिवशी मी चुन्याची बादली पुन्हा कालवायला घेतली. अक्षरं झाली, आता स्वराला आकडे शिकवायचे. माझा तर हातखंडा विषय!

बायकोनं बादली काढून घेतली.

"अक्षरं तरी इतलीसीच शेतस," ती म्हणाली. "आकडास्ले शेवट नही. आख्खी बाग जाई."

मी खाटेवर बसून हिशेब केला. बागेत अठराशे झाडं आहेत. तिचं बरोबर निघालं.