साडूबुवांचा न गळणारा पेला

पाण्याशी जन्माचं वैर धरलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो दुर्दैवानं माझा साडू निघाला. ज्या सोलापुरात उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी लोक एकमेकांची सात पिढ्यांची ओळख काढत, तिथं हे गृहस्थ लाकडात पाणी मुरू कसं द्यायचं नाही या विवंचनेत वाळत चालले होते. पोटापाण्याला गिरणीच्या कचेरीत कारकुनी. पण संध्याकाळचा भोंगा झाला की घरी यायचं, कोट खुंटीला अडकवायचा आणि परसात पायानं फिरवायच्या चरकावर लाकूड कातत बसायचं. डब्या, करंडे, पेले. हात बरा होता, हे मी नाइलाजानं कबूल करतो. वस्तू देखण्या होत. फक्त त्यांत पाणी राहत नसे, आणि पाण्याखेरीज दुसरं काही ठेवणं त्यांना मान्य नसे.

लाकडाला कोणता लेप द्यावा यावर ते बोलू लागले की ऐकणारा आपण कशासाठी आलो होतो तेच विसरे. आधी लाखेचं राज्य आलं. लाखेच्या पेल्यातून त्यांनी मला कढत चहा पाजला; चहा संपेपर्यंत पेला पांढराफटक पडला आणि लाख माझ्या ओठांवर आली. "लाख उष्णतेला भितेच हो," ते आनंदानं म्हणाले, जणू एवढं सिद्ध करायलाच माझं तोंड उसनं घेतलं होतं. मग जवसाचं तेल आलं. त्या डब्या वाळता वाळेनात. दिवाणखान्यात मांडल्या तर माशा येऊन चिकटल्या. माझ्या मुलाच्या मुंजीत त्यांनी लाकडी पंचपात्र आणलं, मेण पाजलेलं. भटजींनी ते वैशाखाच्या उन्हात ठेवलं. मेण वितळलं, पाणी झिरपलं आणि बटूला आचमनापुरतंही उरलं नाही. पुढं बिब्ब्याच्या तेलाची लहर आली. तेल लाकडाला लागलं तसं यांनाही लागलं, आणि तोंड भोपळ्याएवढं सुजवून हे कचेरीत गेले. साहेबानं ओळखलंच नाही. "लोकांचे संसार पाण्यात जातात," अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, म्हणाली, "आमचा तेलात चाललाय."

त्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई जेऊरहून अक्काकडे आल्या. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला होता, डावा थरथरत असे. पितळी भांडं उचलत नसे, मातीचं हातून निसटे. बाई मोठी मानी. लेकीनं चमच्यानं पाणी पाजावं याची त्यांना इतकी लाज, की तहानच नाही म्हणत. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली. डॉक्टरांनी अक्काला बाजूला घेऊन सांगितलं, "पाणी पोटात गेलं नाही तर जगायच्या नाहीत."

साडूबुवांनी शिवणीचं हलकं लाकूड आणलं आणि बुडाशी रुंद, मधे मुठीत बसेल इतका बारीक असा पेला कातला. मी कपाळाला हात लावला. आजारी बाईला हे बिब्बा पाजणार! "बिब्बा नाही हो," ते म्हणाले, "करडईचं तेल. कढवून कढवून मधासारखं झालं की लाकडात शिरून घट्ट बसतं." दुसऱ्या रविवारी त्यांनी परसात कढई चढवली. दुपारी तेलानं पेट घेतला. शेजारचे विणकर माग सोडून बादल्या घेऊन धावले, "आग लागली की वो!" आणि आमचे साडूबुवा कढईसमोर हात पसरून ओरडत होते, "पाणी नको! पाणी आणू नका!" लोकांना वाटलं, माणूस कामातून गेला. त्यांनी लोखंडी परात कढईवर उपडी घातली. आग विझली, पण डावी मिशी गेली.

उरलेलं तेल त्यांनी फडक्यानं पेल्यात चोळलं, उन्हात वाळवलं, पुन्हा चोळलं. मग तो पेला कचेरीत नेऊ लागले. त्यातूनच पाणी, त्यातूनच ताक. मी हसलो तर म्हणाले, "तेलाचं काही पोटात जायचं असेल तर आधी माझ्या जाऊ दे." 

अखेर एका दुपारी त्यांनी पेला अर्धा भरून सासूबाईंच्या पांघरुणावर ठेवला आणि पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. आम्हालाही खुणेनं तोंडं फिरवायला लावली.  मग घोट घेतल्याचा आवाज आला, आणखी एक.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पाण्याला लाकडाची चव लागते."

"लागते," साडूबुवा खिडकीबाहेर बघतच म्हणाले.

"लागू दे. अजून घाला."

साडूबुवांनी घाईनं तांब्या उचलला आणि निम्मं पाणी चादरीवर सांडलं. अक्कानं तांब्या पुन्हा भरून आणला.

त्यानंतर सासूबाई फार दिवस जगल्या नाहीत. गेल्या त्याआधीच्या सकाळी मी समाचाराला गेलो होतो. त्यांचा डोळा लागला होता आणि पेला छातीशी धरलेला होता. साडूबुवा तो काढून घ्यायला वाकले, पण बोटं सोडवेनात. तेव्हा त्यांनी तो तसाच राहू दिला, जवळ बसून पंख्यानं वारा घालू लागले, आणि मला हळूच म्हणाले, "बसा. जाग आली की मागतील."

आम्ही दोघंही बसून राहिलो.