चार दिवसांवरून परतलेला साहेब

कणकुंबीच्या मष्णूची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या साहेबाची सांगावी लागते. १९०८ साली बेळगावच्या छावणीतला एक गोरा साहेब दक्षिण ध्रुवाकडे निघाला आणि ओझ्याची खेचरं सांभाळायला त्याने मष्णूला सोबत नेलं. साहेब धरून आठ माणसं. ध्रुव अवघ्या चार दिवसांवर असताना साहेबाने उरलेलं अन्न पाहिलं आणि सगळ्यांना माघारी वळवलं. विलायतेत त्याची छी-थू झाली. इथे मष्णूनेही काही कमी केली नाही.

"तोंडाशी आलेला घास टाकून पळाला भित्रा!" असं तो चावडीवर रंगवून सांगायचा आणि गाव पोट धरून हसायचं. साहेबाने वाचवलेल्या जिवावरच ही मस्करी चालली होती, पण हे कळायला त्याला दहा वर्षं लागली.

मधाला रानात जाताना गावातला प्रत्येक जण वेशीवरच्या देवापुढे एक खडा ठेवतो आणि परतल्यावर आपापला उचलतो. त्या दहाव्या वर्षी पाच जण गेले, म्होरक्या मष्णू. दिवस कलला होता आणि शेवटचं पोळं कड्याच्या पोटात होतं. त्यांतला शामू म्हणाला, "हात भरून आल्यात, आण्णा. उद्या बघू."

"एवढ्या जवळ येऊन मागं फिरायला मी काय त्यो साहेब हाय व्हय रं?"

सगळे हसले. शामूही हसला आणि दोर धरून खाली उतरला.

संध्याकाळी त्याला खांद्यावरून आणलं. देवापुढचे चारच खडे उचलले गेले.

दिवसकार्य झाल्यावर शामूची बायको अंबुबाई मष्णूच्या दारात आली. साहेबाची गोष्ट ऐकून तीही कधीकाळी हसली होती.

"आण्णा, साहेबासंगं किती जण गेलतासा?"

"आठ."

"आनि माघारी किती आलासा?"

"आठ."

ती आल्या पावली माघारी गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला जन्मभर वाटत राहिलं.

म्होरकेपण त्याने सोडलंच. पुढे कुणी टवाळीने साहेबाचा विषय काढला की तो म्हणायचा, "त्याचा एकबी खडा मागं ऱ्हायला न्हाय. भित्रा त्यो न्हवता. लोक हसतील म्हणून भ्यालो त्यो मी."

मग उठून वेशीकडे जायचा. शामूचा खडा अजून तिथेच होता.