तिच्यासाठी जोडलेला लॅपटॉप

बायको गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुलीची बारावी झाली. नागपूरला इंजिनिअरिंगला जायचं हे तिनं आधीच ठरवलं होतं, आणि त्यासाठी लॅपटॉप लागणार होता. दिग्रसमधला माझा कम्प्युटर क्लास लॉकडाऊननंतर बंद पडला होता. पोरं मोबाईलवरच सगळं शिकायला लागली. तेव्हापासून मी एका दुकानात बिलं करायला जात होतो. आपल्याला कितीपर्यंतचा लॅपटॉप झेपेल हे आम्हा दोघांनाही न बोलता माहीत होतं.

तिचा मामा यवतमाळला राहतो. त्याला घेऊन आम्ही तिथल्या एका दुकानात गेलो. आमच्या आवाक्यातला लॅपटॉप दिसायला चकचकीत होता, पण आतून अगदीच मामुली. तिच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला तो पुरणार नाही हे मला लगेच कळलं. मामा म्हणाला, थोडी भर मी घालतो, हप्त्यावर वरचा घेऊ. मला ते नको होतं. क्लासचे बंद पडलेले लॅपटॉप घरी सज्ज्यावर पोत्यात बांधून ठेवले होते, सगळे एकाच मॉडेलचे. कुणाचा स्क्रीन धड होता, कुणाचा मदरबोर्ड. रॅम, एसएसडी आणि बॅटरी तेवढी नवी आणली की एक चांगला लॅपटॉप उभा राहिला असता. मी तसं म्हणालो. मुलीनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

मी कामावरून दुपारी जेवायला घरी आलो की आम्ही कूलरसमोर चादर अंथरून बसायचो. मी पेचकस घेऊन एकेक लॅपटॉप उघडायचो, ती टॉर्च धरायची. बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून तिनं आईचं इडलीपात्र काढलं. स्क्रीनचे स्क्रू एका खळग्यात, कीबोर्डचे दुसऱ्यात. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. आई गेल्यापासून आम्ही एकमेकांना फक्त जेवलीस का, जेवले का, एवढंच विचारत होतो. आता ती काहीबाही विचारू लागली. आई खरंच कम्प्युटर शिकायला तुमच्या क्लासमध्ये यायची का, की उगाच? मी सांगितलं की ती माझी सगळ्यात वाईट विद्यार्थिनी होती, माउस हातात घेतला की टेबलाच्या कडेपर्यंत न्यायची आणि आता पुढं काय करू म्हणून विचारायची. मुलगी एवढी हसली की टॉर्चचा उजेड भिंतीवर नाचायला लागला. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

शेवटी लॅपटॉप सुरू झाला. वजनाला जड होता, पंखा आवाज करायचा, बिजागरी जरा करकरायची. पण काम नीट करत होता. कॉलेज सुरू झालं तेव्हा ती तो बॅगेत घालून गेली.

सुरुवातीला तिचा रोज फोन यायचा, मग एक दिवसाआड, मग तिला वेळ मिळेल तसा. लॅपटॉप कसा आहे विचारलं की चांगला आहे म्हणायची. दसऱ्याच्या आधी एक रविवार मोकळा मिळाला. तिच्या लॅपटॉपसाठी मी कमी आवाजाचा पंखा मागवून ठेवला होता; तो खिशात घालून नागपूरला गेलो.

होस्टेलमध्ये पुरुषांना वर जाऊ देत नाहीत. आम्ही कँटीनमध्ये बसलो. मी म्हणालो, घेऊन ये खाली, दहा मिनिटांचं काम आहे. ती उठली नाही. चहाच्या कपाकडे पाहत राहिली, मग म्हणाली की मामानं पहिल्याच महिन्यात नवा घेऊन दिला.

मी विचारलं, आपला बिघडला का?

"नाही बाबा. चालते तो. पण सुरू केला की पंख्याच्या आवाजानं सगळा वर्ग वळून पाहते."

"मग त्या दिवशी दुकानातच काहून नाही बोलली?"

"तुम्ही आई गेल्यावर पहिल्यांदा कायबद्दल तरी एवढं बोलून राह्यले होते," ती म्हणाली. "मी कसं म्हणू, मले विकतचाच पाहिजे?"

मी म्हणालो, मग तो मी घरी नेतो. तिनं वर जाऊन आमचा लॅपटॉप आणला, ओढणीत नीट गुंडाळलेला. नवा चांगला आहे ना, एवढंच मी विचारलं. ती हो म्हणाली आणि मला बसपर्यंत सोडायला आली.

परतीच्या बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसलो. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन आलेलं एक जोडपं चढलं. त्या बाईंनी सगळ्यांना प्रसाद दिला, मलाही दिला, आणि विचारलं, नवा घेतला का लॅपटॉप? मी हो म्हणालो.

दिवाळीला ती चार दिवस आली. नव्या लॅपटॉपवर तिनं मला स्वतः काढलेला गिअर दाखवला, बोटानं फिरवून सगळ्या बाजूंनी. मला बरंचसं समजलं होतं, तरी एकदोन गोष्टी पुन्हा विचारल्या, म्हणजे ती अजून थोडा वेळ बसेल. तिनं न कंटाळता पुन्हा सांगितल्या. मग मैत्रिणीचा फोन आला आणि ती गच्चीवर गेली.

भाऊबीज मामाकडे करून ती तिथूनच परस्पर नागपूरला गेली. तिच्यासाठी म्हणून मी चिवडा जास्त केला होता, तो सोबत द्यायचा राहून गेला. पुढं कितीतरी दिवस संध्याकाळच्या चहाबरोबर मी तोच खात होतो.