करडाची राहिलेली दोन पानं

कुत्रा मुळात माझ्या लेकाचा. पुण्यातल्या दोन खोल्यांत मावेना, म्हणून त्यानं तो वडवणीला आमच्याकडे आणून सोडला. सोबत एक प्रमाणपत्र होतं. शाळेत मुलांजवळ शांत बसायचं रीतसर शिक्षण त्याचं झालं होतं. माझं बी.ए.चं इंग्रजी राहिलं ते कायमचंच राहिलं, त्यामुळे आमच्या ह्यांनी लगेच जाहीर केलं, "घरात पदवीधर आलाय. आता जरा नीट वाग."

पदवीधराला अंगणात नुसतं बसवून ठेवणं बरं दिसेना. म्हणून दर शनिवारी सकाळी मी त्याला जवळच्या गावातल्या शाळेत नेऊ लागले. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक टेबलामागून बाहेरच येईनात.

"बाई, चावलं म्हंजी?"

"गुरुजी, तो पास झालाय. चावलंच कुणी तर मी चावेन."

काम सोपं होतं. वर्गात चादर अंथरायची, तिच्यावर तो पसरायचा, आणि ज्या पोरांना मोठ्यानं वाचायची भीती वाटते त्यांनी एकेकानं येऊन त्याला वाचून दाखवायचं. चुकलं तरी सांगायचं नाही. हा नियम फक्त माझ्यासाठी होता. मी भज्यांच्या कागदावरच्या चुकाही दुरुस्त करणारी बाई. तिथं पदराचा बोळा तोंडाशी धरून बसायचे.

तिसरीतली एक मुलगी वर्गात तोंडच उघडत नसे. ती चादरीवर आली, त्याचा कान मुठीत धरला आणि वाचू लागली. हरवलेल्या करडाची गोष्ट. शनिवारी एक पान, कधी अर्धंच. जोडाक्षराला अडली की ती कान चोळायची, तो उसासा टाकायचा, मग ती पुढं जायची.

दसरा झाला आणि गावातून ट्रॅक्टर निघू लागले. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे, आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही जावं लागायचं. शेवटच्या शनिवारी करडू नदीपर्यंत पोचलं होतं. पलीकडून घंटेचा आवाज येत होता. दोनच पानं राहिली होती.

"आज वाचून टाक की," मी म्हटलं.

"घाईत न्हाई वाचायचं." वेणीची लाल रिबीन सोडून तिनं पानात घातली. "मावशी, मी येस्तोवर त्याला पुढचं कुणी सांगायचं न्हाई. तुमी बी न्हाई."

"आणि तू?"

"मी बी न्हाई वाचणार. आमी दोघं मिळून वाचणार."

मी शब्द दिला. शाळेत त्या पुस्तकाची ती एकच प्रत होती. दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून गुरुजींना विचारून मी ती घरीच आणून ठेवली. "आता पुस्तकाला बी पहारा," हे म्हणाले.

थंडीत कुत्र्याला गोचीड ताप आला. बीडला नेलं, सलाइन झालं, इंजेक्शनं झाली. त्यानं खाणं सोडलं. एका दुपारी ओसरीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो पडला होता. ह्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता, पण त्या दिवशी ते स्वतःच पुस्तक घेऊन आले.

"वाच त्याला. दोनच पानं हायत. करडाचं काय झालं ते तरी कळू दे."

मी रिबिनीचं पान उघडलं आणि मिटलं. "तिला काय सांगू?"

"अगं, तिला कळणार हाय का?"

"मला कळेल ना."

संध्याकाळच्या आत तो गेला. अंगणातल्या लिंबाखाली ह्यांनीच खड्डा खणला.

पाडवा होऊन गेल्यावर ती आली. उन्हानं रापलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. बापाला फाट्यावर उभं करून, शाळेत न जाता थेट आमच्या दारात.

"मावशी, सांगितलं तर न्हाई ना कुणी त्याला?"

"नाही गं. कुणीच नाही."

ती हसली. तिला असं दात दाखवून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. चपला काढून ती ओसरीत मांडी घालून बसली, शेजारी त्याच्यापुरती जागा सोडून.

"तिकडं मी ट्रकवरचं समदं वाचत होते. आता लई अडत न्हाई. बोलवा त्याला."

जन्मभर नको तिथं बोलत आले मी. त्या दिवशी आधी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"तो आजारी पडला गं, थंडीत," मी म्हटलं. "आमी लई केलं. न्हाई वाचला."

माझ्याही तोंडी तिचीच बोली आली होती. ती रिकाम्या जागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मंग त्याला कळालंच न्हाई? करडाला माय गावली का ते?"

"नाही."

मी पुस्तक आणलं आणि समोर बसून तिच्यापुढं धरलं. रिबीन आत आहे एवढं तिनं पाहिलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून दिलं.

"नगं मावशी. माझं त्याच्यासंगं ठरलतं."

चपला हातात घेऊन ती फाट्याकडं चालू लागली. ऊन तापलं होतं. "अगं, पायात घाल त्या," मी मागून ओरडले. तिनं वळून पाहिलं नाही.

पुस्तक आमच्या फ्रिजवर आहे. हे कधीमधी त्यावरची धूळ पुसतात आणि होतं तिथंच परत ठेवतात. करडाचं काय झालं, आमच्या घरात कुणाला माहीत नाही.