आगाऊ उपकारस्तुती

मार्थामावशी देवाचे आभार आगाऊ मानायची. आमच्या ख्रिस्ती घरांतली रीत अशी, की मूल झालं, नोकरी लागली, आजारातून कुणी उठलं, की मग उपकारस्तुतीची सभा ठेवायची. चार गाणी, प्रार्थना आणि पोटभर जेवण. मावशीला हा क्रमच मान्य नव्हता. भाचीची परीक्षा व्हायच्या आधीच तिने गल्लीत पेढे वाटले होते. "मिळाल्यावर तं कोणीबी आभार मानते. त्यात विश्वास कोठी आला?" असं ती विचारायची. भाची नापास झाली तेव्हा लोक हसले. मावशीने त्यांना सांगितलं, की देव काही मार्चच्या परीक्षेला बांधलेला नाही.

जानेफळात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिच्या-आमच्या घराची भिंत एकच. तिचे यजमान दानियेलकाका मेहकरपर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचे. दारात हॉर्न वाजवून चहा मागणारा, दणदणीत आवाजाचा माणूस. एका सकाळी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. जेवायचे तेही फक्त मावशीच्या हातून, दार लावून.

अशात एके दिवशी मावशीने उपकारस्तुतीचं आमंत्रण फिरवलं. गावाने सरळ अर्थ घेतला, की काका उठले. माझ्या आईलाही तसंच वाटलं. शेजारच्या रुबिनाभाभी सकाळपासून अंगणात वरणाशी खायच्या बट्ट्या भाजत होत्या. काका खरंच उठले का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मावशीने सांगितलं नाही. जीपवाले मित्र हार घेऊन आले, पाटील नारळ घेऊन आले. आत येऊन बघतात तर काका बाजेवर तसेच, तोंड भिंतीकडे. हार आणलेल्यांनी हात पाठीमागे नेले. मी तर चिडलोच होतो. मावशीवर, देवावर आणि त्या खमंग बट्ट्यांवरसुद्धा.

त्या दिवशी आमच्या चर्चच्या पाळकांबरोबर बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांना ही संधी वाटली असावी. आशीर्वाद दाराशी येऊन अडलाय, असं सांगत त्यांनी काकांच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठायचा हुकूम सोडला. काकांनी खरंच प्रयत्न केला. डाव्या कोपरावर थोडे उचलले गेले आणि घसरून पडले. प्रचारकांनी पुन्हा हुकूम सोडला. काका पुन्हा पडले, आणि एवढ्या लोकांसमोर तो दांडगा माणूस रडायला लागला. प्रचारक सभेकडे वळून म्हणाले, की या घरात अविश्वास आहे.

वरणाचं पातेलं घेऊन आलेली मावशी दारातच थांबली. आवाज न चढवता तिने प्रचारकांना सुनावलं, "बसा खाली, पास्टरसायेब. याइले चारचौघात लाजवीन, असं वचन देवानं कोठीच देल्लं नाई. सोबत राहीन म्हणे, अन् तो राह्यला. त्याचेच आभार मी मानून राह्यली. तुमाले मानाचे नसतील तं निदान जेवून जा."

मग तिने पातेलं खाली ठेवलं, एका जीपवाल्याच्या हातातून हार ओढून घेतला आणि काकांच्या गळ्यात घातला. आमच्या पाळकांनी गाणं सुरू केलं, बहुधा दुसरं काही सुचलं नाही म्हणून. त्या दिवशी काका पहिल्यांदा लोकांसमोर जेवले. वरण हनुवटीवरून ओघळत होतं. मावशी ते पुसत होती आणि सगळ्यांना आग्रहही करत होती.

काका पुढे कधीच चालले नाहीत. बरीच वर्षं तसेच काढून गेल्या हिवाळ्यात गेले. गावात कुजबुज झालीच, की एवढी भक्ती करून बाईला मिळालं काय. परक्यांचं सोडा, दफनाच्या वेळी पेटी खड्ड्यात उतरली तेव्हा तिचा सख्खा दीर तिच्याजवळ येऊन हळूच बोलला, "वयनी, वाईट नका मानू, पण देवानं तुमाले देल्लेलं वचन काई पुरं झालं नाई. दादा शेवटपावतर उठला नाई."

मी मावशीकडे पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण मान ताठ होती.

"हे पडले त्या दिवशी मीबी पडली होती, भाऊजी," ती म्हणाली. "चूल पेटवाची ताकद नव्हती अंगात. जीव द्याचं मनात आलं होतं. तुमी सारे याइच्या पायाइकडं पाहत राह्यले. मी रोज कोणाच्या भरोशावर उठली, हे कोणी इचारलंच नाई."

मावशीने पदर खोचला, वाकून मूठभर माती उचलली आणि सगळ्यांच्या आधी टाकली.